बाबांचे स्पीकर, डब्बा-सेट आणि सेंटरचा घोळ

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ठाण्यातला फ्लॅट, हॉल ११ बाय १६ फूट, टीव्ही एका अरुंद भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला चिकटलेला. बाबांनी नव्वदच्या दशकात हौसेनं घेतलेली मोठ्या लाकडी स्पीकरची जोडी आहे, १० इंची वूफरवाली (वूफर म्हणजे जाड आवाजाचा मोठा भोंगा). शिवाय एका जुन्या डब्बा-सेटचे (सगळं एकाच खोक्यात मिळणारा होम थिएटर संच) पाच चिमुकले स्पीकर आणि त्याचा सब, म्हणजे फक्त खोल बास वाजवणारा सबवूफर. नवा ५.१ रिसीव्हर, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब यांना आवाज पुरवणारं यंत्र, घरात येऊन पडलाय. बाबांचे स्पीकर पुढे, डब्ब्यातले दोन मागे, सब डब्ब्यातलाच, आणि 'शंभर वॅटला शंभर वॅटचा' एक सेंटर (टीव्हीपाशी मध्ये बसणारा स्पीकर) नवा घ्यायचा, असा तुमचा बेत आहे.

मागचे दोन जमले तर जमतील. बाबांचे स्पीकर पुढे राहतील ते सेंटर नसेल तोवरच, आणि डब्ब्यातला सब चालणार नाही. सेंटरचे पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका.

मी स्वतः यात हात पोळून घेतलेत. माझ्याकडे पुढे कापडी घुमटाच्या ट्वीटरची (उंच पट्टीच्या आवाजाचा छोटा भोंगा), जरा मऊ आवाजाची जोडी होती. सेंटर मात्र दुसऱ्याच कंपनीचा उचलला, दुकानात 'एकदम क्लिअर' वाटला म्हणून. पहिल्याच रात्री गंमत कळली. पडद्यावरचा माणूस बोलत बोलत डावीकडून मध्यभागी आला की त्याला सर्दी व्हायची, उजवीकडे गेला की बरा. मोटार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना वाटेत इंजिन बदलायची. महिनाभर सेटिंगशी झटापट केली आणि शेवटी तो सेंटर निम्म्या किमतीत विकून टाकला.

सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधून येतात, आणि संगीत, गाड्या, पावलं ही डावा-मधला-उजवा या तिघांत सतत सरकत असतात. माणसाच्या आवाजाबाबत आपला कान फार खट असतो. भिंतीपलीकडून नुसतं खाकरलं तरी काका की मामा ते कळतं, मग त्याच आवाजाचा पोत मध्येच बदलला तर कळणार नाही होय? म्हणून पुढचे तीन एकाच कंपनीचे, आणि शक्यतो एकाच मालिकेतले हवेत. नुसती कंपनी एक असून भागत नाही, कारण त्याच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मालिकांमध्ये ट्वीटर वेगळा असू शकतो. मागच्या दोघांना इतकं सोवळं नाही. तिकडे पाऊस, गर्दी, स्टेडियममधला गलका. आणि सब तर कुठल्याही कंपनीचा चालतो.

जुळणी तपासायची सोपी रीत सांगतो. रिसीव्हरच्या मेनूत टेस्ट टोन असतो, तो एकेका स्पीकरमधून फिरतो. डोळे मिटून ऐका. आवाजाची जागा बदलली पाहिजे, आवाज नाही. डावीकडून 'श्श्श' आणि मधून 'स्स्स' आलं तर ती जोडी लग्नाला उभी करू नका. ऑडिसी किंवा वायपीएओसारखं माइक लावून रिसीव्हरनं स्वतःच आवाज जुळवून घेण्याचं ऑटो कॅलिब्रेशन हा फरक थोडा झाकतं. पण स्पीकर बाजूला, भिंतींकडे कसा आवाज फेकतो ते कुठलंच सॉफ्टवेअर बदलू शकत नाही, आणि आपल्या टाइल्स-विटांच्या हॉलमध्ये भिंतींवरून परतलेला आवाजच निम्माअधिक ऐकू येतो.

आता वॅट. हे जुळवायचे नसतातच. स्पीकरवरचा आकडा तो फार तर किती सोसेल ते सांगतो, किती मोठा वाजेल ते नाही. ते कळतं सेन्सिटिव्हिटीवरून: एक वॅट दिला की एक मीटरवर किती डेसिबल. दर ३ डेसिबलला दुप्पट पॉवर लागते. म्हणजे एक स्पीकर ९१ चा आणि दुसरा ८४ चा असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी दुसऱ्याला पाचपट वॅट द्यावे लागतात. तरी घाबरायचं कारण नाही, प्रत्येक चॅनलची पातळी रिसीव्हरमध्ये कमी-जास्त करता येते आणि कॅलिब्रेशन तेच करतं. घरात रोज आपण ऐकतो ते बऱ्याचदा एखाद-दोन वॅटवरच. रिसीव्हरच्या खोक्यावरचा आकडाही नीट वाचा. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल' अशी बारीक तळटीप असेल तर तो आकडा सोयीच्या परिस्थितीत मोजलेला असतो, पाचही चॅनलना एकदम मिळणार नाही. पूर्वी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वीतभर स्पीकरवर 'पाच हजार वॅट पीएमपीओ' असे फुगवलेल्या आकड्यांचे स्टिकर असायचे, त्यांचा हा सुशिक्षित नातू.

मग सेंटर कुठला घ्यायचा? आधी कुठलाच नको. मेनूत सेंटर 'नन' करा. रिसीव्हर मधला आवाज डाव्या-उजव्यात सारखा वाटून देतो, आणि बरोबर मध्ये बसलेल्याला संवाद टीव्हीतूनच आल्यासारखे वाटतात. महिनाभर असंच ऐका. दोघंच मध्ये बसून बघत असाल तर कदाचित सेंटरची गरजच लागणार नाही, आणि बाबांचे स्पीकर राजासारखे पुढे राहतील.

अडचण येते ती सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याची. स्पीकर एकमेकांपासून ७ फुटांवर, सोफा १४ फुटांवर आणि माणूस मध्यापासून ३ फूट सरकलेला धरा. त्याच्यापासून दोन स्पीकरच्या अंतरात सुमारे १.४ फुटांचा फरक पडतो. जवळच्याचा आवाज सव्वा मिलिसेकंद आधी पोचतो आणि कानाला तेवढंच पुरतं: सगळे संवाद त्याच्या बाजूच्या स्पीकरमधून ऐकू येतात. आपल्या घरांत मधली जागा एका माणसाची ठरलेली असते. आमच्याकडे ती आईची आहे, मी टोकाला. त्यामुळे आमच्याकडे सेंटर आहे.

तुम्हालाही लागलाच, तर बाबांच्या जोडीला जुळणारा सेंटर शोधत बसू नका. नव्वदच्या दशकातल्या त्या जोड्या स्टिरिओसाठी होत्या, त्यांच्या मालिकेत सेंटर निघालाच नसेल. पुढचे तिन्ही नवे घ्या. माझं मत विचाराल तर एकाच मॉडेलचे तीन बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे स्पीकर), तिन्ही उभे. त्यापेक्षा चांगली जुळणी असूच शकत नाही. बुकशेल्फ सहसा जोडीनंच मिळतात, म्हणून दोन जोड्या घ्याव्या लागतील आणि चौथा उरेल. माझा चौथा भावाकडे स्वयंपाकघरात रेडिओला लागलाय. घरातून अट आहे की टीव्ही युनिट हलणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. टीव्हीखाली उभ्याला जागा नसेल तर त्याच मालिकेतला आडवा सेंटर घ्या. आडव्या सेंटरचा आवाज फार बाजूला बसलं की पोकळ होतो, पण तुमचा सोफा १४ फुटांवर असल्यानं तुम्हाला ते जाणवणार नाही. युनिटच्या खणात तो आत ढकलू नका, तोंड फळीच्या कडेशी आणा आणि पुढून दार अडवायचं रबर सारून कानाच्या दिशेनं किंचित वर करा. या रबरानं माझ्याकडे महागड्या केबलपेक्षा जास्त फरक पडला.

तिन्ही नवे घेतलेत तरी बाबांचे स्पीकर मोडीत काढू नका, गाण्यांसाठी वेगळा जुना अ‍ॅम्प लावून बेडरूममध्ये ठेवा. पण वापरण्याआधी जाळी काढून वूफरची कड बोटानं हळूच दाबा. रबर असेल तर उत्तम. फोम असेल तर इतक्या वर्षांत आणि आपल्या दमट हवेत तो पापडासारखा झालेला असतो, दाबला की तुकडे पडतात. तसं झालं तरी वूफरचा कोन (मधला शंकू) शाबूत असेल तर कड बदलून मिळते. लॅमिंग्टन रोडला हे काम करणारे आहेत, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी करा.

आता डब्ब्यातले स्पीकर. त्यांच्या मागे ओहम किती लिहिलंय ते बघा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो कमी तर रिसीव्हरवर ताण जास्त). अशा संचांत बऱ्याचदा ३ ओहमचे असतात, कारण त्यांचा अ‍ॅम्प त्यांच्यापुरताच बनवलेला असतो. तुमच्या रिसीव्हरच्या पाठीवर बहुधा '६ ते १६ ओहम' लिहिलेलं असेल. मी एकदा दुर्लक्ष करून जोडले होते; सिनेमात पहिला स्फोट झाला आणि रिसीव्हर खटकन प्रोटेक्शनमध्ये गेला, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडला. लेबल पुसलं असेल तर मल्टिमीटर लावा: ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ चा तीन-साडेतीन. ५ च्या खाली दिसला तर जोडू नका. चालणारे निघाले तर मागे लावा, मात्र त्यांचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबकडे जातो ती सीमा, १५० हर्ट्झला ठेवा. ३ इंची कोनाकडून त्याखाली अपेक्षा नको. आणि म्हणूनच ते पुढे नकोत. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. क्रॉसओव्हर तिथे नेला की नायकाचं अर्धं बोलणं कोपऱ्यातल्या सबमधून येतं.

डब्ब्यातला सब मात्र बाद. त्याला बहुधा स्वतःचा अ‍ॅम्प नसतो आणि रिसीव्हरच्या सब-आउटमधून फक्त सिग्नल येतो, ताकद नाही. पॉवर्ड, म्हणजे स्वतःचा अ‍ॅम्प असलेला, सब घ्यावा लागेल, ८ किंवा १० इंची पुरेल. लावल्यावर गुणगुण ऐकू आली तर दुकानदाराशी भांडायच्या आधी सेट-टॉप बॉक्सची अँटेनाची वायर काढून बघा. अर्थिंगचा फेरा (दोन वाटांनी अर्थिंग झाल्यानं होणारी गुणगुण) पुष्कळदा तिथूनच येतो.

सब कुठे ठेवायचा हे हॉल ठरवतो. १६ फुटांच्या लांबीला ३५ हर्ट्झच्या आसपास आणि ११ फुटांच्या रुंदीला ५१ च्या आसपास खोली स्वतःच घुमते, आणि भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला हा घुमारा सर्वात जास्त बसतो. अमेरिकन लोकांचे सल्ले वाचताना एक लक्षात ठेवा: त्यांच्या घरांच्या पातळ जिप्समच्या भिंतींमधून बास बराचसा बाहेर निघून जातो. आपल्या विटांच्या भिंती तो आत कोंडून ठेवतात. तेव्हा सोफा जमेल तितका पुढे ओढा, फूटभर तरी. मग सब चक्क सोफ्यावर ठेवा, बासचा एखादा तुकडा पुन्हा पुन्हा लावा आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा. जिथे बास एकसारखा ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. घरचे हसतील, हसू द्या. टाइल्सवर जाजम आणि एका बाजूच्या भिंतीला जाड पडदा लावलात तर संवाद लगेच सुटे ऐकू येतात. आमच्याकडे आजीची गोधडी भिंतीवर टांगली आहे, येणारा-जाणारा तिला कलाकुसर समजतो.

जोडणी करताना एकाच स्पीकरचं प्लस-मायनस उलट झालं तर बास गायब होतो आणि दोष स्पीकरला जातो. जुन्या स्पीकरच्या खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. वूफर बाहेर सरकला की सेलच्या प्लसला लागलेलं टोक प्लस. वायर दीड स्क्वेअर मिलिमीटरची, तांब्याची. स्वस्तात 'स्पीकर वायर' म्हणून तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम खपवतात, तार खरवडून पांढरी निघाली तर परत करा.

कॅलिब्रेशन झालं की मेनूत परत जा. मोठे स्पीकर दिसले की रिसीव्हर त्यांना 'लार्ज' ठरवून टाकतो, म्हणजे बास सबकडे न पाठवता त्यांच्याकडेच ठेवतो. सगळ्यांना 'स्मॉल' करा, पुढच्यांचा क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ (मागच्या डब्ब्यातल्यांचा १५० च). सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सनं हाच आकडा धरलाय, कारण त्याखालचा आवाज कुठून येतोय ते कानाला सहसा सांगता येत नाही. टीव्हीचा आवाज एआरसीवरून (एचडीएमआय केबलमधून टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत आणणारी सोय) घेत असाल तर टीव्हीच्या मेनूत 'पीसीएम'ऐवजी 'बिटस्ट्रीम' निवडा, नाहीतर पाच स्पीकर लावून दोनच चॅनल ऐकत बसाल. अ‍ॅटमॉसचं विचारलंत, पण वरूनही आवाज देणाऱ्या त्या पद्धतीसाठी लागणारे वरचे स्पीकर जोडायला पाच चॅनलच्या रिसीव्हरला सहसा जागाच नसते, तो विषय आज सोडा.

मागच्या दोघांची जागा पाठ्यपुस्तकात ११० ते १२० अंशांवर, म्हणजे सोफ्याच्या किंचित मागे असते. तुमच्याकडे मागे भिंत आहे, तेव्हा बाजूच्या भिंतींवर, सोफ्याच्या रेषेत, कानापेक्षा फूट-दीड फूट वर लावा. डावीकडे बाल्कनीचा सरकता दरवाजा येतो असं तुम्ही लिहिलंय. त्या बाजूला भिंतीचा किती तुकडा उरतो ते मोजून सांगा, आणि बाबांच्या वूफरची कड रबराची निघाली की फोमची तेही. तोवर सेंटर 'नन'.