तुझा बारा ध्येयांचा तक्ता बघितला

अगं,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला आणि सोबतचा तक्ता पण नीट बघितला. बारा ध्येयं, प्रत्येकाला वेगळा रंग, पहाटे पाचपासून दर अर्ध्या तासाचं प्लॅनिंग. मेहनत दिसतेय, पण खरं सांगू का, वाचताना मलाच धाप लागली, कारण त्यात आजारी पडायला, उशीर व्हायला, साधा कंटाळा यायला पण कुठे जागाच ठेवली नाहीयेस.

मी पण असे तक्ते केलेत. नोकरी सांभाळून एक परीक्षा द्यायची होती, सुट्टीच्या दिवशी मस्त मूडमध्ये बसून रोज तीन तास अभ्यास ठरवला, पहिले चार दिवस झकास गेले, पाचव्या दिवशी कामावरून यायला उशीर झाला आणि सहाव्या दिवशी कालचे तीन नि आजचे तीन असे सहा तास समोर उभे, मग काय, वहीच मिटली. स्वतःला आळशी म्हणून मोकळा झालो. हिशोबच चुकला होता हे फार उशिरा कळलं.

हा हिशोब भल्याभल्यांचा चुकतो हं. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला, म्हणजे कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या चुकीला, प्लॅनिंग फॅलसी असं नावच देऊन टाकलं. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं किती दिवस लागतील, सरासरी अंदाज ३४ दिवसांचा आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. आपण काम डोळ्यासमोर आणतो तेव्हा सगळं सुरळीत चाललेलंच दिसतं ना, म्हणून तारीख टाकताना उत्साहाला विचारू नकोस, मागच्या वेळी असलंच काम किती लांबलं होतं ते आठव आणि तेवढे दिवस धर.

आता बारामधला एकच उचल. कुठला ते मी नाही सांगणार, पण त्यातले तीन-चार मैत्रिणींचे स्टेटस बघून आलेत असा मला दाट संशय आहे, ते आधी बाजूला काढ. बाकीचे 'नंतर' म्हणून एका कागदावर लिहून ठेव, पळून नाही जात ते.

समजा कोडिंग उरलं. 'कोडिंग शिकायचं' हे फार मोघम झालं, कधी झालं म्हणायचं ते कळणारच नाही. त्यापेक्षा तीन महिन्यांत स्वतःच्या खर्चाची नोंद ठेवणारं एक छोटं ॲप, असं धर. मग उलटं मोजत ये, शेवटचा महिना चुका काढायला आणि टेस्टिंगला, त्याआधी नोंदी सेव्ह करणं, त्याआधी बेसिक गोष्टी, म्हणजे या आठवड्यात फक्त इन्स्टॉल करून पहिला धडा. रोजचं माप मात्र तुझ्या सगळ्यात वाईट दिवसाला झेपेल एवढंच ठेव, वीस मिनिटं बास, जास्त झालं तर बोनस.

आणि 'रोज संध्याकाळी' असं लिहू नकोस, संध्याकाळ केवढी मोठी असते! 'जेवणाचं ताट उचललं की लॅपटॉप उघडायचा' असं बांधून टाक. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, अमुक झालं की तमुक करायचं असं आधीच ठरलेलं असलं की त्या क्षणी वेगळा विचार करावा लागत नाही.

दिवस चुकेल, चुकणारच. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ (म्हणजे २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ना, ते सोडून दे), आणि मधे एखादा दिवस बुडाल्याने विशेष काही बिघडलं नाही. फक्त बुडालेली वीस मिनिटं दुसऱ्या दिवसात ढकलू नकोस, माझी वही तिथेच मिटली होती.

रविवारपर्यंत मला एकच ओळ पाठव, काय करणार आणि कशानंतर करणार. रंग नकोत.

तुझा,
दादा