बारीक माणसाने वजन कुठून कमी करायचं?

"मॅडम, मी आधीच काडीपैलवान. साखर वाढलीय म्हणून सगळे वजन कमी कर म्हणतात. कुठून करू?"

हा प्रश्न हल्ली माझ्यासमोर वारंवार येतो. या वेळी विचारणारे अडतीस वर्षांचे, दिवसभर संगणकापुढे बसून काम करणारे गृहस्थ होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वजन 61 किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 21. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, मात्र 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. धास्तीने त्यांनी भात-पोळी सोडली होती, रात्री नुसतं सूप प्यायचे. गालफडं बसली होती. सोबत आलेल्या आईंचा जीव त्यानेच कासावीस झाला होता.

मी टेप घेतला. बेंबीच्या रेषेत लावताच त्यांनी पोट आत ओढलं, सगळेच ओढतात. "श्वास सोडा, सैल उभे राहा." 93 सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी 90 च्या पुढे धोका धरतात. हात-पाय बारीक, पोट पुढे. वजनकाट्याला हे कळत नाही.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, तर युडकिन यांची 9.1. मी तो फोटो दाखवते. आपला रिपोर्ट चुकीचा असणार, ही शंका बहुतेकांची तिथेच मिटते.

याची सुरुवात कुठून होते, हे याज्ञिकांच्याच चमूने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास करून दाखवलं. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकलेली.

हे ऐकून आई एकदम म्हणाल्या, "हा पोटात होता तेव्हा मी रोजगार हमीवर खडी फोडायला जायचे. दोन किलोचा झाला. म्हणजे माझ्यामुळंच ना?"

"नाही काकू," मी म्हटलं. कष्टाचं काम जास्त तसं बाळाचं वजन कमी, असं त्या अभ्यासात आढळलं हे खरं. पण तो पुरावा गरोदर बाईला सकस अन्न आणि विश्रांती न देणाऱ्या परिस्थितीविरुद्ध आहे. त्याचा उपयोग आईलाच दोषी ठरवायला झाला की मला संताप येतो. शिवाय हजारो माणसांवरून काढलेला धोका म्हणजे एखाद्याचं ठरलेलं भविष्य नव्हे. कमी वजनाच्या कितीतरी बाळांना पुढे मधुमेह होत नाही.

मुलाने मग विचारलं, "जन्मापासूनच असेल तर आता चालून काय उपयोग?"

उपयोग आहे, आणि तो आपल्याच लोकांवर मोजलेला आहे. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या 531 जणांना तीन वर्षं पाहिलं. निष्कर्ष 2006 मध्ये आले. नेहमीसारखे राहिलेल्यांपैकी 55 टक्क्यांना मधुमेह झाला, आहार आणि रोजचं भरभर चालणं सांभाळणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांना. तेही वजनात फारसा फरक न पडता! बारीक माणसाला मी हे आवर्जून सांगते. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वात जास्त ओढून घेतात ते स्नायू. उपाशी राहून तेच झिजवायचे, हा उलटा धंदा आहे.

म्हणून आधी उपास बंद करायला लावला. भाकरी-पोळी परत ताटात आली. भात निम्मा, त्या जागी उसळ, घट्ट वरण, अंडी. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस आणि भिंतीला टेकून जोर. गोळ्यांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी 5.9 आलं. वजन किलोभर वाढलं, कंबर 90 वर आली. अजून उंबरठा ओलांडून ते मागे आलेले नाहीत, तपासण्या चालू ठेवाव्याच लागतील. पुढच्या भेटीला त्यांचा धाकटा भाऊ येणार आहे. तोही बारीकच आहे, आणि त्याने साखर कधीच तपासलेली नाही.