कॅनडातला चोथा आणि सोलापूरचा प्रेसमड

प्रश्न : मी सोलापुरात टी.वाय.बी.एस्सी.ला (रसायनशास्त्र) आहे. माझा मामेभाऊ कॅनडात गांजापासून औषधी तेल काढणाऱ्या कंपनीत आहे. तेल काढल्यावर उरलेल्या झाडपाल्याची पर्यावरणाला त्रास न देता विल्हेवाट लावायची, हे तिथं वेगळं काम असतं म्हणे. मला त्यातच करिअर करायचंय. बाबा टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहेत. ते म्हणतात, "गांजाचं नाव या घरात काढायचं नाही." काय करू?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बाबांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो खोटा नाही. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याने झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. परवान्याशिवाय तो बाळगणं गुन्हा, त्याचा अर्क काढणं तर लांबच. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांपासून 'विजया'ची (आयुर्वेदात या झाडाचं हे नाव) औषधं परवाना घेऊन बनवता येतात. धागा आणि बियांसाठीच्या लागवडीला उत्तराखंडाने २०१८ मध्ये वाट करून दिली. आपल्या भागात मात्र उसाच्या फडात हे झाड सापडलं की बातमी पोलिसांचीच होते. तेव्हा या एकाच झाडाच्या चोथ्यावर इथं करिअर उभं राहील, या आशेवर राहू नकोस.

आता तुझ्या मामेभावाचं काम जरा जवळून बघू. तेल निघतं थोडं, बहुतेक वजन चोथ्यातच उरतं. पण सगळा चोथा सारखा नसतो. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने तेल काढलं असेल, तर दाब सोडताच वायू उडून जातो आणि चोथा कोरडा निघतो. तो खताला सरळ चालतो. इथेनॉलने काढलेला चोथा मात्र अल्कोहोल पिऊन बसलेला असतो. तो तसाच खताच्या ढिगावर टाकला तर कुजवणारे जंतू मरतात आणि ठिणगी पडली तर पेट घेतो. ब्यूटेन आणखी वाईट, त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहते. म्हणजे पहिलं काम खताचं नाहीच. चोथ्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवून काढणारं रसायन, गरम करून, निर्वात करून परत मिळवायचं. सॉल्व्हंट परत मिळालं की पैसा वाचतो आणि चोथाही निर्धोक होतो.

दुसरं काम कायद्याचं. कॅनडात माल नष्ट करताना किमान दोन पात्र माणसं समोर लागतात, आणि त्याचा धूर कुणाच्या नाकात जाता कामा नये, असंही नियमात आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने तर चोथा दळून त्यात किमान निम्मा दुसरा कचरा मिसळायला सांगितलं, म्हणजे कुणी उकरून वापरू नये. आता हा निम्मा कचरा कसला? प्लॅस्टिक मिसळलंत तर सगळं मिश्रण कचरा डेपोत जाणार आणि तिथं कुजून मिथेन सोडणार. पुठ्ठा, पालापाचोळा, खरकटं मिसळलंत तर त्याचंच कंपोस्ट होतं. पर्यावरणाचा खरा निर्णय या एका मिश्रणात होतो. मला विचारशील तर या धंद्यातली सगळ्यात मजेची जागा हीच.

हे शिकायला कॅनडाचं तिकीट कशाला काढायचं? सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेनने तेल काढतात आणि उरलेल्या मालातून वाफेने हेक्झेन हाकलून परत गोळा करतात. उरलेली डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, पशुखाद्याला जाते. फरक इतकाच की इथला चोथा विकायचा माल असतो, तिथला पुरून टाकायचा.

आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना काय तोटा! ज्यांच्याकडे डिस्टिलरी आहे, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी प्रेसमडच्या (उसाचा रस गाळल्यावर उरलेल्या गाळाच्या) लांबच लांब वरंब्यांवर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, फवारून बायोकंपोस्ट करतात. एकदा त्या यार्डात जाऊन उभी राहा. एरोटिलर हे यंत्र वरंबा उलटत पुढे जातं आणि मागे वाफेचे लोट उठतात; आत साठ अंशांच्या आसपास उष्णता असते. अनुभवी माणूस मूठभर माल दाबून बघतो. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर फवारणी थांबवा. त्याच्या शेजारी उभं राहून खताच्या मालातलं कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर (साधारण २५ ते ३० ला १) जेवढं डोक्यात बसेल, तेवढं वर्गात बसत नाही.

तुझ्या पदवीवर सरळ मिळणारी पहिली नोकरी म्हणजे ईटीपी (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला) केमिस्ट. पाण्याचे नमुने, बीओडी-सीओडी (पाणी किती दूषित आहे ते सांगणाऱ्या चाचण्या), प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अहवाल. चकचकीत नाही, पण पाया इथंच पक्का होतो. पुढे शिकायचं तर पर्यावरणशास्त्र किंवा औद्योगिक रसायनशास्त्रात एम.एस्सी. कर, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातच आधी चौकशी कर. गेट या प्रवेशपरीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, तो मनावर घे. संशोधनाची ओढ लागली तर नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. कुठेही गेलीस तरी घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम मूळ मजकुरातून वाच, वापरलेल्या सॉल्व्हंटचा उल्लेख तिथं सापडेल.

परदेशाबद्दल एक सावधगिरी. कॅनडात हा धंदा १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर कायदेशीर आहे. अमेरिकेत काही राज्यांनी परवानगी दिली तरी केंद्राचा कायदा वेगळा आहे, आणि व्हिसावर गेलेल्या माणसाने तिथं या धंद्यात काम केलं तर व्हिसाच अडचणीत येऊ शकतो. एजंट हे सांगत नाहीत.

बाबांशी बोलताना गांजाचा विषय काढूच नकोस. टॉवेलच्या रंगाईतून निघणाऱ्या पाण्याचं त्यांच्या कारखान्यात काय करतात, ते विचार. त्यांना या कामाची तुझ्याहून जास्त माहिती असेल, आणि ओळखीच्या एखाद्या डिस्टिलरीत तुला यार्ड दाखवायलाही तेच घेऊन जातील. गळीत हंगाम सुरू झाल्यावर जा. पावसाळ्यात बायोकंपोस्टचं काम बंद असतं. आणि बंद बूट घाल, चपलेवर यार्डात सोडत नाहीत.