‘हेतू काय ते देवाने एकदा सांगावं, मग मी सोसेन’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून एक प्रश्न हमखास येतो. घरात मोठं आजारपण येतं, तरुण मूल जातं, चालता धंदा बसतो. सुरुवातीला माणूस नेटाने प्रार्थना करतो. काही महिने गेले की आवाज खाली आणून विचारतो, ‘माझाच विश्वास कुठे कमी पडला का?’ आणि त्याच्या पाठोपाठ, ‘यात देवाचा हेतू तरी काय?’ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ताईंची हकिकत त्यासाठी सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

ताई अंगणवाडी सेविका, वय पन्नाशीच्या आसपास. माहेर-सासर दोन्हीकडे आजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती. नवऱ्याला मधुमेह आणि रक्तदाब. दोन्हीकडे वर्षानुवर्षं काणाडोळा झाला आणि किडन्या निकामी झाल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, दर वेळी चार तास. सरकारी योजनेमुळे उपचाराचे पैसे लागत नाहीत. पण तालुक्याच्या गावाला जायचं-यायचं भाडं, ताईंच्या रजा आणि घरी आणल्यावर अंथरुणाला खिळणारा माणूस हे सगळं कुठल्याच योजनेत बसत नाही.

डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून द्यावं लागतं. ह्यांना दिवसाला लिटरभर ठरवून दिलेलं. त्यात चहा आला, वरण आलं, गोळीबरोबरचा घोटही आला. ताई सकाळी एका बाटलीत तेवढं भरून ठेवायच्या. उन्हाळ्यात नवरा त्या बाटलीकडे बघत बसे. म्हणून ताई स्वतःचं पाणी मोरीत जाऊन प्यायच्या, तेही नळ सोडून, घोटाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. हे त्यांनी मला बोलता बोलता सांगितलं, त्यात विशेष काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच.

बाहेरगावच्या एका प्रचारकाने प्रार्थनासभेत त्यांच्याकडे बघून म्हटलं होतं, ‘या घरात लपलेलं पाप आहे, ते कबूल होईपर्यंत आशीर्वाद येणार नाही.’ तेव्हापासून ताई पापं शोधत होत्या. दोनशे पानी वही केली होती. त्यात सासूशी झालेली भांडणं होती, लग्नाआधी भावाच्या खिशातून घेतलेले पैसे होते, उपासना चुकवून मैत्रिणींबरोबर बघितलेला सिनेमा होता. रात्री नवरा झोपला की त्या वही घेऊन बसत. चर्चच्या मंडळीतल्या समजूतदार लोकांनी मात्र वेगळंच सांगितलेलं, की देवाचा यात काहीतरी हेतू असेल. ताईंना त्या प्रचारकापेक्षा या लोकांचा राग जास्त होता. ‘मॅडम, हेतू काय ते देवाने एकदा सांगावं, मग मी सोसेन. न सांगता किती सोसायचं?’

मी उत्तर दिलं नाही. आधी झोप विचारली. तीन-चार तास. भूक? उरलंसुरलं उभ्या उभ्या खायच्या. रक्तदाबाची त्यांची स्वतःची गोळी बंद होती, कारण आणायला वेळ नाही. मग सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? बऱ्याच जणांना वाटतं, असं विचारलं तर नको तो विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. उलट असतं, विचारलं की माणसाचा जीव मोकळा होतो. ताई म्हणाल्या, ‘जीव द्यायचा विचार नाही. पण रोज प्रार्थना करते, प्रभू, ह्यांच्या आधी मला ने.’

तेव्हा मी त्यांना एलीयाची आठवण करून दिली. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देव त्याला विश्वास वाढव म्हणत नाही. तो झोपतो, देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो, कारण वाट लांबची आहे. माझ्या मते पहिल्या राजे पुस्तकातला हा एकोणिसावा अध्याय खचलेल्या माणसाला भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने वाचून जावा. ताईंना मी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवलं. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, नैराश्यासाठीही औषध सुरू झालं. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, ही त्यांची शंका होती. नवऱ्याला मशीनवर चढवता तेव्हा तो अविश्वास होतो का, एवढंच मी विचारलं. (मरणाचे विचार येत असतील तर 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य सेवा) क्रमांकावर कुठल्याही वेळी फुकट बोलता येतं, मराठीतही.)

वहीचा प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायावर सुटला, निदान सैल झाला. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि आईबापांनीही नाही. ताईंना हा उतारा संडे स्कूलपासून माहीत होता. पण त्यातले आईबाप म्हणजे आपण, हे कधी मनात आलं नव्हतं. शिवाय मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि पार बेचाळिसाव्या अध्यायात जाऊन देवाची बोलणी खाल्ली. देवाशी भांडणारा ईयोब मात्र बरोबर बोलला, असं देव स्वतः म्हणतो.

इथे ताई थांबल्या. देवाशी भांडलं तर चालतं? मी त्यांना स्तोत्र 88 मोठ्याने वाचायला लावलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच हाक मारून सुरू होतं. त्याच वहीच्या मागच्या बाजूने ताईंनी स्वतःचं लिहायला घेतलं. एक ओळ त्यांनी वाचून दाखवली, ‘प्रभू, तू एकदा चार तास त्या मशीनशेजारी बसून बघ.’ वाचून झाल्यावर बराच वेळ रडल्या. मग स्वतःच म्हणाल्या, ‘पकडला गेला त्या रात्री येशू गेथशेमाने बागेत प्रार्थना करत होता तेव्हा शिष्य झोपलेच होते ना. त्याला माहीत आहे एकट्याने जागणं.’ ही जोडणी मी करून दिली असती तर उपदेश झाला असता.

त्यांच्या पाळकसाहेबांनी पंडिता रमाबाईंचा दाखला दिला होता आणि त्याने ताई आणखी चिडल्या होत्या. ‘त्या कुठे, मी कुठे!’ थोरांचे दाखले असे छडीसारखे वापरले जातात, कारण आपण शेवटच सांगतो. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण 1870च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी अनाथ, उपाशी मुली आणल्या, त्यातून पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. भूक काय असते ते त्यांना ठाऊक होतं म्हणून त्या गेल्या, हे खरं. पण 1882च्या रमाबाईंना 1897चं केडगाव दिसत नव्हतं. आणि एवढं कार्य केलं म्हणून दुःख चुकलं असंही नाही. 1921 मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. आईबाप उपाशी मेले ते मुक्ती मिशन व्हावं म्हणून, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या मरणांचं पुढे रमाबाईंनी देवाच्या हाताला धरून काय केलं, तेवढंच मी सांगू शकते.

ताईंच्या संमतीने मी पाळकसाहेबांना भेटले. माणूस चांगला, ऐकून घेणारा. दर बुधवारी ताईंच्या घरी प्रार्थनासभा भरत होती, पंचवीस-तीस माणसं. म्हणजे ताईंनी तेवढ्या जणांचा चहा करायचा आणि तहानलेल्या नवऱ्याने तो सगळ्यांना पिताना बघायचा! हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सभा दुसऱ्या घरी गेली. शनिवारची डायलिसिसची पाळी तरुण संघातल्या मुलांनी वाटून घेतली. ताईंना आठवड्यातून एक दिवस मिळाला. पहिल्या शनिवारी त्या दुपारभर झोपल्या.

सहनशीलतेच्या नावाखाली काहीही खपवू नये, हेही सांगून टाकते. नवरा मारतो आणि मंडळी म्हणते ‘आपला वधस्तंभ उचल’, अशा बायका माझ्याकडे येतात. तिथे आधी बाईला सुरक्षित जागी हलवणं, पोलीस, कायदा. धीराचं प्रवचन नंतर, किंवा नाहीच. आजारपण आणि अत्याचार एका मापाने मोजायचे नसतात.

पुढे एकदा डायलिसिस केंद्रात नव्याने आलेल्या रुग्णाची बायको रडत होती. बटाटे चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं म्हणजे पोटॅशियम कमी होतं, शहाळं द्यायचं नाही, तहान लागली तर बर्फाचा खडा चघळायला द्यायचा पण तोही मापात धरायचा, हे तिला नीट समजलं नव्हतं. ताईंनी तिला सगळं लिहून दिलं, बाटली कशी मोजायची तेही दाखवलं. आता नवी माणसं आली की तिथली सिस्टर ताईंकडे बोट दाखवते. मी विचारलं, हेतू सापडला म्हणायचा का? ताईंनी हात झटकले. ‘हेतूबितू काही नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं.’ रोमकरांस पत्रात पौल क्रम लावतो: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आशा शेवटी येते. आपण दुःखितांकडे पहिल्याच दिवशी तिची मागणी करतो.

गेल्या पावसाळ्यात पाळकसाहेबांनी ताईंना उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायला, सांगितलं. ताई म्हणाल्या, साक्ष तर बरे झालेले देतात. साहेब म्हणाले, तरी द्या. ताईंनी पुढे जाऊन सांगितलं, हे बरे झालेले नाहीत, डॉक्टर तसं काही म्हणतही नाहीत. प्रभूशी माझं अजून अधूनमधून भांडण होतं, पण बोलणं बंद नाही. आणि पुढच्या महिन्यातले दोन शनिवार रिकामे आहेत, ज्यांना जमेल त्यांनी उपासना सुटल्यावर मला भेटावं.