सिलिॲक असताना सणासुदीला थोडी पोळी चालते का? दूध कायमचं सोडावं लागतं का?

नाही चालत. सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होणारा आजार. दुधाचं खाली सांगते. आधी या 'थोड्या'चं बोलू, कारण त्याच्यापायी आमच्या घरात दोन दिवाळ्या अबोला होता.

माझं सासर मिरजेजवळ. तिकडे सणाला, लग्नाला गव्हाची खीर हवीच. माझं निदान झाल्यानंतरच्या गौरींना थोरल्या जाऊबाईंनी कुठून तरी खपली गहू मिळवला, कांडून घेतला आणि गूळ, खोबरं, खसखस, जायफळ घालून माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात खीर शिजवली. "अगं, खपली आहे, मूळचा गहू. ह्यात तुझं ते ग्लूटेन नसतं. व्हॉट्सॲपवर आलंय, मोठ्या डॉक्टरांचं आहे." मी नको म्हणत ताटावर हात आडवा धरला, तोवर पळी कलंडली होती. खीर बोटांवरून थेट वरणभातात. मी उठले, हात धुतले आणि दुसरं ताट मागितलं. झालं! सासूबाईंना तो गौरीच्या प्रसादाचा अवमान वाटला आणि जाऊबाई सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एका चमच्यानं कोण मेलंय?"

खपली हा गहूच आहे हो. त्यात ग्लूटेन असतं, चांगलं भरपूर असतं. त्याची पोळी मैद्यासारखी ताणली जात नाही, एवढ्यावरून लोकांनी 'ग्लूटेन नाही' असं ठरवून टाकलंय. मधुमेहवाल्यांनी त्याचं काय ते बघावं, आपल्याला तो वर्ज्य.

चमच्याचा हिशोबही सांगते. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते. एका पोळीत दोनेक ग्रॅम तरी असतं. म्हणजे पोळीचे चाळीस तुकडे केले तर त्यातला एक. आणि त्रास जाणवला नाही म्हणजे इजा झाली नाही, असंही नसतं.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही" हे तुम्हालाही ऐकवतील. तुमच्या वेळी देशावर रोज ज्वारीची भाकरी होती, पोळी सणाला. मग दिसणार कसं? विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने 1950 सालच्या प्रबंधातच गव्हाकडे बोट दाखवलंय, हे काही कालचं फॅड नाही. आतडं बिघडलं की लोह अंगी लागत नाही, पण मला मात्र कित्येक वर्षं लोहाच्या गोळ्या आणि 'टेन्शन घेऊ नका' एवढंच मिळत होतं.

तुम्ही भाकरी खाता ते ठीक, पण ज्वारी दळता कुठे? गिरणीत तुमच्या आधी गव्हाचा डबा गेला असेल तर त्यातलं पीठ तुमच्यात आलंच. सकाळचा पहिला नंबर लावूनही उपयोग नाही, रात्रीचं पीठ जात्यात असतंच. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीही टाकू नका. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. आणि हिंग! आमच्या डबीवर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात 'गव्हाचे पीठ' लिहिलेलं होतं. पिवळा बांधानी हिंग बराचसा पीठच असतो, खडा घेतला तरी बहुधा पीठ घालून बांधलेलाच. तांदळाच्या पिठातला मिळतो, तो शोधा. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. परगावी मी सरळ उपासाचं मागते, वरी, साबुदाणा, राजगिरा. तळलेलं मात्र नाही, कढई पुऱ्यांचीच असते.

दूध. आतड्याच्या आत बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, ते रसांकुर; त्यांच्या टोकाशी दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज असतं. रसांकुर झिजले की दूध पचत नाही. गहू कडक बंद ठेवला की ते भरून येतात आणि बहुतेकांना दूध पुन्हा चालू लागतं, काही महिने लागतात. मला आधी ताक चाललं, मग दही, चहातलं दूध सगळ्यात शेवटी. ज्यांना मुळातच दूध पचत नव्हतं त्यांचं तसंच राहतं.

मी डॉक्टर नाही, तुमचे रिपोर्ट मला माहीत नाहीत. वाचणाऱ्यांपैकी कुणाला नुसता संशय असेल तर तपासणीआधी गहू सोडू नका, कारण गहू बंद असेल तर टीटीजीची (सिलिॲक ओळखण्याची) रक्ततपासणी आणि आतड्याचा कण काढून केलेली बायोप्सी दोन्ही खोट्या 'नॉर्मल' येऊ शकतात.

आणि सख्ख्या भावंडांची, मुलांची तपासणी करून घ्या. घरात एकाला असेल तर जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला निघतो. माझा धाकटा भाऊ करत नाही. "मला पोटाचं काही नाही," म्हणतो. हिमोग्लोबिन नऊ आहे त्याचं, आणि जाऊबाईंची खीर दोनदा मागून घेतो.