ईएक्सटी४मध्ये प्रिंटके टाकला की लॅपटॉपच अडकतो. फाइलसिस्टमचा कोड ट्रेस करायचा तरी कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टममध्ये राइटच्या वाटेवर तीन-चार प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) टाकल्यावर लॉग धो धो वाहून लॅपटॉप का अडकला, आणि कोणतं फंक्शन कुठून चालतं हे मग बघायचं कसं.

पहिलीचं उत्तर सरळ आहे. तुमचा प्रिंटके एक ओळ छापतो, लॉगिंगचा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) ती उचलून लॉगच्या फाइलमध्ये लिहितो, आणि ती फाइल असते त्याच ईएक्सटी४वर. म्हणजे पुन्हा राइट, पुन्हा प्रिंटके, पुन्हा डेमन. घाण्याला बैल जुंपला, आता तो फिरतच राहणार. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं, तेही ऑफिसच्या मशीनवर.

तेव्हा आधी लॅपटॉपला मोकळं करा. क्यूएमयूमध्ये व्हर्च्युअल मशीन घ्या, रूट फाइलसिस्टम दुसऱ्या जातीची ठेवा (मी एक्सएफएस ठेवतो) आणि ईएक्सटी४ फक्त वेगळ्या लहानशा डिस्कवर. प्रिंटकेच्या जागी ट्रेस_प्रिंटके वापरा. तो मेमरीतल्या रिंग बफरमध्ये लिहितो, त्यामुळे लॉगच्या वाटेला जातच नाही आणि वेळेचं गणितही फारसं बिघडवत नाही. बूट होताना कर्नल चौकटीत भलीमोठी सूचना छापेल की हा डीबगचा कर्नल आहे, प्रॉडक्शनवर चालवू नका. घाबरू नका, ती ट्रेस_प्रिंटकेमुळेच येते.

पण खरं सांगू का, सुरुवातीला तेही नको. कोडला हात न लावता एफट्रेस हा कर्नलचा ट्रेसर बरंच काही सांगतो. तो २००८ पासून, म्हणजे २.६.२७ पासून कर्नलमध्येच आहे. सिसएफएसमध्ये कर्नलच्या खाली ट्रेसिंग नावाची डिरेक्टरी दिसेल. तिथल्या ‘करंट_ट्रेसर’मध्ये फंक्शन_ग्राफ लिहा, ‘सेट_ग्राफ_फंक्शन’मध्ये ईएक्सटी४_सिंक_फाइल लिहा, एक फाइल एफसिंक करा (म्हणजे तिचा डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबा) आणि ‘ट्रेस’ वाचा. कोण कोणाला बोलावतं याचं झाड सी भाषेच्या कंसांसकट समोर येतं. फंक्शन संपल्याचा कंस जिथे येतो तिथे लागलेला वेळ असतो, आणि त्याच्या आधी एक चिन्ह: अधिक म्हणजे १० मायक्रोसेकंदांच्या वर, उद्गारचिन्ह म्हणजे १००च्या वर, हॅश म्हणजे मिलिसेकंदाच्या वर, आणि डॉलर दिसला तर सेकंदाच्या वर. मी आधी डॉलरच शोधतो.

आता मी कुठे फसलो ते सांगतो, कारण तुम्हीही तिथेच फसाल. कर्नल ४.१९ होता. आमचा एक प्रोग्रॅम ४ केबीची फाइल लिहून एफसिंक करायचा आणि अधूनमधून सेकंदभर गप्प बसायचा. मी शहाणपणा करून ट्रेसला फक्त त्या प्रोग्रॅमचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) दिला, म्हणजे कचरा नको. डॉलर लगेच सापडला: जेबीडी२_लॉग_वेट_कमिट. दोन दिवस ते फंक्शन वाचत बसलो. त्यात आहे काय? वाट बघणं. फंक्शन झोपलेलं असतं तो वेळही फंक्शन_ग्राफ त्याच्याच खात्यावर मांडतो. रांगेत उभ्या माणसाकडे बघून खिडकीवर काय चाललंय ते कळत नाही.

खिडकीवर होता जर्नलचा, म्हणजे फाइलसिस्टम आपले बदल आधी जिथे नोंदवते त्या वहीचा, कर्नल थ्रेड. पीएसमध्ये तो जेबीडी२, मग डिस्कचं नाव, मग ८ असा दिसतो. तो ८ म्हणजे जर्नलच्या आयनोडचा (फाइलसिस्टममधल्या फाइलच्या नोंदीचा) क्रमांक. पीआयडी लावून मी नेमकं त्यालाच ट्रेसमधून हाकललं होतं. पीआयडी काढला आणि इव्हेंट्समध्ये जेबीडी२_रन_स्टॅट्स चालू केला. प्रत्येक कमिटला (बदलांचा एक गठ्ठा, म्हणजे ट्रान्झॅक्शन, जर्नलमध्ये पक्का होताना) एक ओळ येते: वेट, रनिंग, लॉक्ड, फ्लशिंग, लॉगिंग असे तुकडे आणि प्रत्येकाचा वेळ. आमचा सगळा वेळ फ्लशिंग आणि लॉगिंगमध्ये. ऑर्डर्ड मोडमध्ये मेटाडेटा (फाइलींबद्दलची माहिती) कमिट होण्याआधी त्या ट्रान्झॅक्शनमधल्या फाइलींचा डेटा डिस्कवर जावा लागतो, आणि त्याच डिस्कवर दुसरी एक प्रोसेस मोठी फाइल वाढवत होती. आमची ४ केबी तिच्या मागे अडकायची. एफसिंक करणाऱ्या फंक्शनमध्ये काहीच चूक नव्हती. (हा भाग नव्या कर्नलमध्ये बराच बदललाय. तुमच्याकडे हेच चित्र दिसेल असं धरून चालू नका.)

म्हणून फाइलसिस्टम ट्रेस करताना हाक मारणारा आणि काम करणारा हे वेगळे असू शकतात असंच समजा. रायटबॅकचंही तेच. राइट कॉल डेटा पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या साठ्यात) टाकून परत येतो, डिस्कवर न्यायचं काम वर्कर (मागचा कर्नल थ्रेड) नंतर करतो. राइटच्या झाडात ब्लॉक ॲलोकेशन (डिस्कवरची जागा ठरवणं) शोधत बसाल तर सहसा मिळणारच नाही. रीडचं उलट: फाइल दुसऱ्यांदा वाचलीत तर पेज कॅश परस्पर उत्तर देतो आणि डिस्कपर्यंत काही पोचतच नाही. ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहून मग वाचा.

कोडमध्ये दिसणारं एखादं फंक्शन ट्रेसमध्ये येत नसेल तर बहुधा कंपायलरने ते इनलाइन केलंय, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच मिसळून टाकलंय. ‘अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्स’ या फाइलमध्ये नाव नसेल तर नाद सोडा, किंवा तात्पुरतं नोइनलाइन लावून पुन्हा बिल्ड करा.

जीडीबी हा डीबगर क्यूएमयूला छान जोडता येतो, फक्त बूटच्या ओळीत नोकेएएसएलआर द्या (म्हणजे कर्नल दर बूटला पत्ता बदलणार नाही), नाहीतर ब्रेकपॉइंट भलत्याच पत्त्यावर बसतात. स्ट्रक्चरच्या आत डोकवायला तो उत्तम. पण वेळेचा किंवा रेसचा (दोन थ्रेड एकमेकांच्या आड येण्याचा) बग असेल तर जीडीबीने थांबवताच तो शहाण्या मुलासारखा वागायला लागतो.

आणि प्रोसेस डी स्टेटमध्ये (मध्येच उठवता न येणाऱ्या झोपेत) गोठलीच असेल तर ट्रेसर चालू करायला उशीर झालाय. प्रॉकमध्ये तिच्या पीआयडीखाली ‘स्टॅक’ वाचा, कुठे अडकलीय ते रूट युजरला दिसतं. मग सिसआरक्यूचा (कर्नलला थेट हुकूम देण्याची सोय) डब्ल्यू द्या, म्हणजे अडकलेल्या सगळ्यांचे स्टॅक डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) येतील. त्यात जेबीडी२चा थ्रेड आहे का ते आधी बघा.