विमानाच्या पंखाच्या पुढच्या धारेचे फ्लॅप वाकड्या रुळांवरून का सरकवतात? जोरदार जॅक लावला की भागत नाही का?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की एवढे ट्रॅक, रोलर, दांडे कशाला, एक ताकदवान हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) जॅक ढकलेल की! आणि यातली सगळ्यांत चांगली पद्धत कोणती? हे वाचून मला माझा मोठा भाऊच बोलतोय असं वाटलं. त्याच्याशी हा वाद काही वर्षं चालू आहे. वाद विमानावरून नाही, देवगडच्या आमच्या आंब्याच्या शेडच्या दारावरून आहे. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

मी मुंबईत विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये सव्वीस वर्षं काढली, आधी बोइंग ७३७ वर आणि मग एअरबस ए३२० वर. तुम्ही ज्याला पुढच्या धारेचा फ्लॅप म्हणता त्याला आम्ही स्लॅट म्हणतो, म्हणजे कमी वेगातही पंखाला उचल मिळावी म्हणून पुढच्या कडेतून बाहेर येणारी पट्टी.

पहिली गोष्ट, जॅक असतोच. ७३७ वर तर स्लॅटना थेट हायड्रॉलिक जॅकच ढकलतात. म्हणजे तुमची कल्पना बोइंगने कधीच वापरून टाकली आहे. पण तो जॅक फक्त ढकलतो. जायचं कुठे ते ट्रॅक ठरवतो. स्लॅटला नुसतं पुढे यायचं नसतं. पुढे येता येता खाली वाकायचं असतं, आणि स्लॅट व पंख यांच्यामधली फट डिझाइनच्या मापाची ठेवायची असते. ती कमीजास्त झाली की स्लॅट बाहेर असूनही निम्मं काम वाया. (फटीतून 'ताजी हवा' फुंकली जाते म्हणून फायदा होतो, हे पुस्तकी वाक्य अर्धंच खरं आहे. वायुगतिकीतले अभियंते ए. एम. ओ. स्मिथ यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की स्लॅटभोवतीचा प्रवाह मागच्या पंखाच्या नाकावरचं वाजवीपेक्षा जास्त शोषण कमी करतो, म्हणून हवा पंखावरून लवकर सुटत नाही, खरा फायदा तिथे आहे. आमच्या प्रशिक्षणात मात्र शेवटपर्यंत फुंकणीच शिकवली.)

ट्रॅक म्हणजे साधारण वर्तुळाच्या कमानीसारखा वाकवलेला जाड दांडा. स्लॅटच्या पाठीला पक्का, आणि पंखाच्या आत रोलरांच्या मधून आतबाहेर करणारा. वर दोन रोलर, खाली दोन, आणि बाजूने लोटू नये म्हणून कडेचे आधार. स्लॅट बाहेर आला की हवा त्याला वर ओढते. मग पुढचा वरचा रोलर दाबला जातो आणि ट्रॅकचं मागचं टोक खालच्या रोलरवर बसतं. घरातला खण जास्त बाहेर ओढला की पुढून लोंबतो आणि मागून उचलला जातो, तेच इथे उलट्या दिशेने. म्हणून पूर्ण बाहेर आल्यावरही ट्रॅकचा पुरेसा तुकडा आत राहावा लागतो. आणि हा आत राहणारा तुकडा स्लॅट मिटल्यावर जातो कुठे? पंखाच्या पुढच्या स्पारला (आतल्या लांब तुळईला) भोक पाडून थेट इंधनाच्या टाकीत बसवलेल्या डब्यात. हा डबा लक्षात ठेवा.

आता मुद्द्याची गोष्ट. पंख वाकतो. खिडकीतून पाहिलं असेल, टोक वर जातं, खाली येतं. स्लॅट त्याच पंखावर दोन ट्रॅकांवर बसलेला. दोन्ही ठिकाणी करकचून बांधलात तर पंख वाकला की स्लॅट ताणला जाणार आणि ट्रॅक रोलरांत अडकणार. म्हणून एका ट्रॅकशी जोड पक्का ठेवतात आणि दुसऱ्याशी बाजूला थोडं सरकू देणारा, झुलत्या दुव्याचा. शिवाय पंख टोकाकडे निमुळता होतो, त्यामुळे बऱ्याच विमानांत आतल्या आणि बाहेरच्या ट्रॅकची त्रिज्याही सारखी नसते, स्लॅट शंकूवरून फिरल्यासारखा फिरतो. हँगरमध्ये नवा पोरगा आला की हमखास विचारायचा, 'सर, या टोकाला हे सैल आहे, टाइट करू?' नको रे बाबा. ते सैल ठेवायला कुणीतरी डोकं घातलंय.

इथेच आमचा दादा येतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या जुन्या शेडचे पत्रे माडांच्या पलीकडे जाऊन पडले. त्याच हिवाळ्यात दादाने नवी शेड बांधली. चिऱ्याचे खांब, त्यांवर अठरा फुटी लोखंडी तुळई, आणि तुळईला चाकांवर टांगलेलं नऊ फुटी पत्र्याचं सरकतं दार. खाली जमिनीत चॅनल, त्यात दाराची खालची कड घट्ट बसवलेली, म्हणजे वाऱ्याने दार हलायला नको. एक खांब कातळावर उभा, दुसरा भरावावर. मी सुट्टीत गेलो तेव्हा बघितलं आणि म्हटलं, 'दादा, खालचं चॅनल थोडं मोकळं ठेव. भरावाकडचा खांब बसणार.'

'तुका काय कळता? दरवाजो म्हणजे काय इमान आसा?'

एक पावसाळा झाला. खांब बसला, फार नाही, अर्धा इंच असेल. पण टांगलेल्या दाराला अर्धा इंच म्हणजे काय ते विचारा! दार बंद असताना कातळाच्या बाजूला, तेव्हा सगळं छान. उघडायला लागलं की ते उताराकडे जातं, खालची कड चॅनलच्या तळाला टेकते आणि वजन वरच्या चाकांवरून खाली घसरतं. दादाने उपाय काढला, मोटार. अर्धा एचपीची, साखळीने दाराचा खालचा कोपरा ओढणारी. ती दमायला लागली तेव्हा एक एचपीची. मी फोनवर म्हटलं, खालून ओढतोस आणि टांगलंयस वर, दार तिरपं होणार. तो म्हणाला, ताकद कमी पडता.

एप्रिल २०२३. मी रिटायर होऊन कायमचा गावी आलेलो. रात्रीचे नऊ, बाहेर वाशीला जायचा टेम्पो उभा, आत शेडमध्ये तीनशे पेट्या, आणि दार दीड फूट उघडून थांबलं. दादाने बटण दाबून धरलं. मोटार गुरगुरली, साखळी ताणली, दाराचा खालचा कोपरा दोन बोटं पुढे आला आणि वरचा जागेवरच. मी टॉर्च घेऊन शिडीवर चढलो. वरचं मागचं चाक तुळईच्या पाळीवर तिरकं चढून बसलं होतं, पाळीचा रंग खरवडून खालचं लोखंड चकाकत होतं. खाली चॅनलमध्ये दाराची कड पाचरीसारखी रुतलेली. वहिनी म्हणाली, बंद करा ती मोटार, जळल्याचा वास येता. दादाने अजून एकदा दाबलं. साखळीची कडी तुटली आणि टेम्पोच्या बॉनेटवर जाऊन वाजली. ड्रायव्हर बिचारा पान खात उभा होता तो दोन पावलं मागे.

मग मी विचारलं नाही. ग्राइंडर आणला, दारापुढचं चॅनल कापून काढलं. एकाच जागी, मधोमध, एक खुंटी ठोकली आणि तिच्याभोवती बोटभर मोकळीक ठेवली. दार सगळं वरच्या चाकांवर गेलं. पहारीने वरचं चाक पाळीवर सरळ बसवलं आणि वहिनीने दार एका हाताने सरकवलं. एका हाताने! टेम्पो साडेअकराला सुटला, वाशीला उशिरा पोचला, सकाळचा बाजार हुकला. तो दोष आजतागायत माझ्यावर आहे, कारण मी 'चांगलो चॅनल कापलंय'. आणि अडकलं का होतं? तर 'ग्रीस नाय लावलेला म्हणान.'

ग्रीसने खांब वर येतो का हो?

असो. तर ए३२० वर हेच सगळं नीट विचार करून केलंय. पंखागणिक पाच स्लॅट, आणि विमानाच्या पोटात एकच पॉवर युनिट, त्यात दोन वेगळ्या हायड्रॉलिक सिस्टिमवरच्या दोन मोटारी. त्यातून टॉर्क शाफ्ट (गोल फिरणारा लांब दांडा) दोन्ही पंखांत टोकापर्यंत जातो आणि वाटेतले पिनियन, म्हणजे छोटी दातेरी चाकं, ट्रॅकवरचे दाते ढकलतात. ओढ तिथेच, जिथे आधार आहे. सगळ्यांना शाफ्ट एकच, म्हणून एक टोक पुढे आणि एक मागे असं सहजी होत नाही. एक मोटार गेली तर स्लॅट निम्म्या वेगाने येतात, पण येतात. शाफ्टच तुटला आणि दोन बाजूंत फरक पडायला लागला तर पंखाच्या टोकाजवळचे ब्रेक सगळं आहे तिथे धरून ठेवतात. पूर्ण बाहेर म्हणजे २७ अंश. दादाचा खालचा कोपरा ओढणारी साखळी इथे कुणी सुचवली असती तर त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

धरून ठेवणं ही वेगळी कला आहे, ढकलण्याइतकीच महत्त्वाची. २५ मे १९७९, शिकागो, डीसी-१०. टेकऑफच्या वेळी डावं इंजिन तुटून पडलं, जाताना हायड्रॉलिकच्या नळ्या तोडून गेलं. त्या बाजूचे बाहेरचे स्लॅट हवेच्या दाबाने आत गेले, कारण तेल गेल्यावर त्यांना धरून ठेवणारं दुसरं काही नव्हतं. डावा पंख आधी स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचल गेली, विमान कलंडलं, २७३ माणसं गेली. ताकदवान जॅक होते की त्यात! तेल गेल्यावर जॅक म्हणजे नुसती नळी.

आणि तो डबा. २० ऑगस्ट २००७, ओकिनावातलं नाहा, ७३७-८००. उतरल्यावर स्लॅट आत घेतले. एका ट्रॅकच्या टोकाचा स्टॉप (ट्रॅक जास्त बाहेर जाऊ नये म्हणून लावलेला अडसर) आधीच सुटून डब्यात पडला होता. मेंटेनन्समध्ये एक वॉशर बसवायचा राहिला होता, आणि त्या वॉशरशिवाय नट भोकातूनच निसटू शकत होता. आत येणाऱ्या ट्रॅकने तो तुकडा डब्याच्या भिंतीतून आरपार लोटला, टाकीतलं इंधन खाली ओघळलं, विमान जागेवर उभं राहिलं तोच पेट. आतले १६५ जण सुखरूप उतरले, हे नशीब. जॅकने आपलं काम अगदी चोख केलं होतं, सांगितल्याप्रमाणे ढकललं. ती बातमी आल्यावर आम्ही टॉर्च आणि आरसा घेऊन कितीतरी डब्यांत डोकावलो. वॉशर हातात घेतला की नाण्याएवढाही वाटत नाही.

तुमचं शेवटचं, सगळ्यांत चांगली पद्धत. माझं मत विचाराल तर वाकडा ट्रॅक आणि दातेरी पिनियन, डोळे झाकून. बाकीच्याही आहेत. क्रुगर फ्लॅप पंखाच्या पोटाखालून बिजागरीवर उलटा उघडतो, ७३७ च्या इंजिनाच्या आतल्या बाजूला तोच असतो. ७४७ चा क्रुगर तर बघण्यासारखा, फायबरग्लासचा पत्रा दांड्यांच्या जोडणीने उघडता उघडता वाकवतात, म्हणजे मिटलेला सपाट आणि उघडल्यावर गोलाई आलेला. ए३८० आणि ए३५० वर इंजिनाच्या आतल्या बाजूला नुसतं नाक खाली झुकतं, फट नाहीच. प्रत्येकाला कारण आहे, जागा, वजन, आवाज. म्हणजे 'डोळे झाकून' म्हटलं ते थोडं मागे घेतो. आणि मी म्हणतोय ते प्रवासी विमानांचं. गोव्यात दाबोळीला नौदलाची मिग-२९के लढाऊ विमानं उडताना दिसतात, त्यांची पुढची कड बिजागरीवर खाली वळते, उडता उडता आपोआप. तिथे मार्गदर्शक रुळाचा प्रश्नच वेगळा.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर जाऊ नका, तिथे एटीआर हे छोटं पंख्याचं विमान येतं आणि त्याच्या पंखाला पुढे काहीच हलत नाही. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून ए३२० चं तिकीट काढा आणि पंखाच्या पुढची खिडकी घ्या, मागे वळून बघायचं. पंखामागे बसलात तर नुसती वरची पाठ दिसेल. उतरायच्या आधी स्लॅट बाहेर आले की मधल्या फटीत ट्रॅक चकाकताना दिसतो, त्याच्यावर ग्रीसचा पातळ थर असतो.

हो, ग्रीस लागतं. दादा हे वाचणार आहे म्हणून मुद्दाम लिहितो, ग्रीस लागतंच, रोलर बोटाने फिरला पाहिजे, अडलेला रोलर एका जागी सपाट झिजतो आणि ट्रॅकला ओरखडे पाडतो. आमच्या खाऱ्या हवेत तर महिन्याला लावावं. पण खांब बसला होता, दादा. आणि ती एक एचपीची मोटार अजून पोटमाळ्यावर प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेली आहे, कधीतरी लागेल म्हणून.